किल्लीला रंग कोणता?

महानंदाकाकूंच्या लेखी आमच्या कॉलनीतल्या घरांना नंबर नव्हते आणि माणसांना आडनावं नव्हती. रंग होते. "मोरपंखीच्या दारात आज सडा न्हाई पडला आजून," असं त्या सकाळीच आपल्या दुकानाच्या पायरीवरून सगळ्या गल्लीला ऐकवायच्या, आणि जिचा त्या दिवशी वार असेल ती बाई तव्यावरची भाकरी लेकीच्या हवाली करून बादली घेऊन पळायची. थोड्या वेळानं दुसरी हाक यायची. "डाळिंबीच्या तारेवर तीच चादर चार दिस झाले वाळतीय. चादर हाय का पापड?"

नव्या माणसाला वाटायचं, या बाईंचं साड्यांचं दुकान असावं. दुकान मॅचिंग सेंटरचं होतं. अस्तर, ब्लाउजपीस, फॉल-पिको. पण चौसाळ्यात दुसऱ्या कुणाला आमसुली आणि वांगी यातला फरक दिव्याखाली सुद्धा सांगता येत नसे, आणि काकू तो डोळे मिटूनही सांगतील असं आम्हा बायकांचं ठाम मत होतं.

चौसाळा हायवेवरचं मोठं गाव. हायवेच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी नुसता माळ होता, तिथं आमची कॉलनी. भाग्योदय नगर अशी सिमेंटची कमान आहे. कमान मोठी आणि नगर लहान. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत बरीच वर्षं शिकवत होते आणि काकूंच्या दुकानासमोर भाड्यानं राहत होते. कॉलनीतली अर्धी घरं आमच्यासारख्या नोकरदारांची, दुकानदारांची. उरलेली अर्धी ऊसतोडीला जाणाऱ्यांची. त्यांनी हंगामामागून हंगाम कोयता चालवून एकेक खोली चढवलेली. दिवाळी झाली की ट्रक यायचे, भांडीकुंडी, पोरंबाळं भरून माणसं कारखान्याच्या मुलखाला निघून जायची, आणि अर्ध्या कॉलनीला पार उन्हाळ्यापर्यंत कुलपं लागायची.

काकू दिसायला थोराड. कपाळावर इबिताचे, म्हणजे भस्माचे, तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग आणि त्याच्याच शेजारी मोजायची टेप. "गळ्यात दोनच वस्तू. एक मला मापती, एकानं मी मापती," असं म्हणायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक लातूरला दिलेली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की कात्री कापडावर तशीच ठेवून रस्ता बघत बसायच्या. चोर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. चोराला त्या पाव्हणा म्हणायच्या. "कुठल्या घरी पाव्हणा आलता म्हणं?" असं विचारलं की आम्हाला कळायचं.

या सगळ्याची सुरुवात झाली दादारावआबांपासून.

आबांचं घर काकूंच्या दुकानापासून तिसरं. मुलगा बंडू आणि सून मीरा तोडीला जायची आणि आबांना मागं ठेवायची. घराला माणूस पाहिजे म्हणून. आमच्याकडे अशी पुष्कळ म्हातारी माणसं मागं राहतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आबांचा एकच नेम होता. एकादशीला नारायणगडाला जायचं. सकाळच्या जीपनं गेले की संध्याकाळी कपाळाला बुक्का लावून परत. अशाच एका एकादशीला ते परतले तर दाराचा कोयंडा उचकटलेला. गॅसची टाकी, तांब्याचा बंब, मीराच्या रुखवतातली भांडी, पाण्याची मोटर, सगळं भर दुपारी गेलेलं. बंडूचा फोन आला. काकूंच्याच फोनवर आला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आबा, तुमाला घरी कशासाठी ठिवलंय मग?"

त्या दिवसापासून आबा दारातून हलले नाहीत. उंबऱ्याला लागून पोतं टाकायचं, दाराला पाठ लावून बसायचं. शाळेत जाताना तिथं, येताना तिथं. नारायणगड सुटला. गावात डोळ्यांची तपासणी करणारे डॉक्टर आले, आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, पण ते गेले नाहीत. नेकनूरला दिलेली बहीण आजारी पडली, तिचा निरोप आला, तरी गेले नाहीत. कुणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मी गेल्यावर घराला कोण हाय?" मला त्यांच्याकडे बघवत नसे. मी दुसऱ्या बाजूनं जायला लागले होते.

काकूंना दुसरी बाजू नव्हती. त्यांच्या पायरीवरून आबांचा उंबरा दिवसभर डोळ्यांपुढं असायचा. एकदा मी ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. काकूंनी कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, लोखंडाचं कुलूप तुटलं म्हणून बंड्यानं माणसाचं कुलूप केलं बघा. माणसाचं कुलूप करू नये."

मला वाटलं, बोलल्या आणि संपलं. त्यांच्या बाबतीत बोलल्यावर सुरू व्हायचं.

तोवर कॉलनीतल्या पुरुषांनी सुरक्षेचं काम हाती घेतलंच होतं. मेडिकलवाला बालाजी त्यांचा म्होरक्या. शिट्ट्या आल्या, काठ्या आल्या, मोबाइलवर ग्रुप निघाला. मला समित्यांचा मुळातच तिटकारा आहे, पण ही समिती फार गमतीची होती. आठवडाभर गस्त जोरात. मग शिट्टी कुणाकडे राहावी यावरून दोघांत अबोला. मग ग्रुपवर सुप्रभातची फुलं. गस्त घालणारे दुसऱ्या दिवशी दुकानांत पेंगायचे आणि एकमेकांना "झोपलाव का बे?" विचारायचे. शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. बायकाही गेल्या. काकू मागं बसून एका ब्लाउजला हुकं लावत होत्या. बालाजी गस्तीचे फायदे सांगत होता. त्याचं बोलणं झाल्यावर काकूंनी दाताने दोरा तोडला.

"आबाच्या घरी पाव्हणा कवा आलता?"

"दुपारी," बालाजी म्हणाला.

"मग तुमी रातच्याला कावून फिरताव?"

बालाजीनं हातातली शिट्टी खिशात घातली.

"रातच्याला समदी घरीच असतेत की. दिवसा सारा गाव आपापल्या धंद्याला गेला, मास्तर लोकं शाळेला गेले, बंद दार बंद दिसलं की पाव्हणा येतोय. बंद घर बंद दिसू द्यायचं न्हाई, एवढंच काम हाय. ते बायका करतील. तुमी निवांत झोपा, तुमचे डोळे लाल झालेत."

बालाजीला राग आला होता. पण झोपही आली होती, आणि त्यानं झोपेचं ऐकलं.

पुढच्या हंगामात ट्रक यायच्या आधी काकू कात्री घेऊन घरोघर फिरल्या. ज्या घराला कुलूप लागणार त्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे, आणि त्या किल्लीला त्या घरच्या बाईच्या साडीची बोटभर पट्टी. साडी कापायला कोण तयार होणार? पण काकू खोचायच्या टोकाकडून कापायच्या, जे टोक जन्मात कुणाला दिसत नाही, आणि लगेच तिथंच पिको करून द्यायच्या. दुकानातल्या खुंट्यांवर किल्ल्या लागल्या. मोरपंखी, डाळिंबी, शेवाळी, गाजरी, रामा. आणि नियम असा, की तोडीवरच्या कुणी आपल्या घरातली वस्तू आणायला माणूस पाठवला तर त्या माणसानं रंग सांगायचा. आधार कार्ड नको, फोटो नको. मालकीण ज्याला आपल्या साडीचा रंग सांगेल तोच खरा निरोप्या.

मीरानं आपल्या राणी कलरच्या साडीचं टोक पुढं केलं. तिचा तो लाडका रंग. काकूंनी कात्री मागं घेतली.

"घर कुणाचं हाय?"

"मामंजीच्या नावावर हाय."

"मग त्यांचं आण."

आबांच्या पटक्याची पट्टी कापायला काकू स्वतः उंबऱ्याशी जाऊन बसल्या. पांढरा पटका, धुऊन धुऊन दुधाळ झालेला. "कापू का?" म्हणून आधी विचारलं.

"काप," आबा म्हणाले. "पन मला किल्ली कशाला? मी हितंच हाय की."

"ऱ्हाऊ द्या. कवा मनात आलं तर लावून जाता येतंय."

आबांच्या मनात आलं नाही. बाकी कॉलनीत मात्र रोज सकाळी कुलूपबंद घरांपुढं सडा पडायला लागला, रांगोळी उमटायला लागली. प्रत्येकीला वार वाटून दिलेले. तारांवर कपडे वाळायला लागले. ते नुसते टाकायचे नाहीत, ओले करून टाकायचे. "कोरडा कपडा कोरडाच दिसतो," हा काकूंचा दंडक. हायवेवरून बघणाऱ्याला वाटावं, या कॉलनीत माणसं दाटीवाटीनं राहतात.

या कपड्यांनी एकदा मोठीच पंचाईत केली. शोभा नावाची एक विधवा बाई भावाच्या जोडीनं कोयत्यावर गेलेली. तिच्या तारेवर नुसत्या साड्या दिसतात, म्हणजे घरात गडीमाणूस नाही असं कळतं, म्हणून काकूंनी तिथं एक पँट वाळत घातली. चॉकलेटी रंगाची, चांगली भिजवून. नेमका त्याच दिवशी शोभाचा दीर आला. आष्टीहून आलेला, बाजार करून जाता जाता भावजयीच्या घराकडे नजर टाकायला. कुलूपबंद घर, दारात ताजी रांगोळी आणि तारेवर ठिबकणारी पुरुषाची पँट. त्यानं तिथूनच शोभाला फोन लावला आणि जे बोलू नये ते बोलायला लागला. पलीकडे ती रडायला लागल्याचं रस्त्यावर ऐकू येत होतं.

काकू पायरी उतरल्या. त्यांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला, "शोभे, तू उसात जा, मी बघती," म्हणाल्या आणि फोन बंद करून परत दिला.

"ती पँट माझ्या मालकाची हाय."

दीर बघतच राहिला. "तुमच्या मालकाची? ते कुठं हायेत?"

"वर. लई वर्षं झाली. त्यांच्यावर शक असंल तर वर जाऊन इच्यारा. न्हाई तर बसा, चहा ठिवते."

तो बसला. खाली मान घालून चहा प्यायला. जाताना त्यानं स्वतःच शोभाला फोन लावून चुकलं म्हणून सांगितलं. त्यानंतर काकूंच्या मालकांची ती पँट कॉलनीच्या सामायिक मालकीची झाली. या घरी सोमवारी, त्या घरी मंगळवारी. "जित्तेपणी घरी बसत न्हवते," काकू म्हणायच्या, "आता समद्यांची घरं राखतेत."

चहा हे त्यांचं दुसरं हत्यार. कमानीतून अनोळखी माणूस आत आला की पहिला प्रश्न, "कुणाकडं आलाव?" आणि उत्तर काहीही येवो, दुसरं वाक्य, "बसा, चहा घेऊन जावा." यात सगळे सापडायचे. मीटर बघायला येणारा मुलगा दर खेपेला सापडायचा. मुलीची चौकशी करायला गुपचूप आलेले सोयरे सापडले, आणि दोन कप चहात काकूंनी त्यांच्याच मुलाची सगळी माहिती काढून घेतली. मुलगा चांगला निघाला म्हणून ते लग्न झालं, ही गोष्ट वेगळी. त्यांचं म्हणणं असं, की सरळ काम असलेला माणूस चहाला बसतो. तुम्ही त्याच्यावर संशय घेतला असं त्याला वाटतही नाही. तो घरी जाऊन सांगतो की चौसाळ्याची माणसं लई चांगली. आणि ज्याचं काम सरळ नाही, त्याला चहा गिळवत नाही. कधी शंका आलीच तर त्या आत वळून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "साखर जादा टाका." त्याचा अर्थ कॉलनीतल्या पोरासोरालाही ठाऊक होता. हातातलं काम घेऊन बाहेर या.

हे सगळं चालू होतं आणि आबा उंबऱ्यावर बसून बघत होते. त्यांच्या शेजारच्या कुलूपबंद घरांना काही होत नव्हतं, तरी ते उठत नव्हते. एका एकादशीच्या सकाळी, रविवार होता म्हणून मी घरी होते, काकू आपलं शिवणाचं गाठोडं घेऊन आबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"आज हितं माझा वार हाय. तुमी गडाला जावा. जीप कमानीत उभी हाय."

"आन् तू बसणार दिसभर?"

"मी न्हाई बसायची. तुमी गेलाव की मीबी उठणार. दार आपलं आपण ऱ्हाईल. बाकीची ऱ्हातेत तसं."

आबांच्या एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं, ते दुसऱ्या डोळ्यानं काकूंकडे बघत होते. "पुन्यांदा काय झालं तर बंडूला काय सांगू?"

"मला सांगायला सांगा."

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. आबा उठले. कुलूप लावताना किल्ली दोनदा पडली. काकूंनी ती उचलून दिली नाही. आबांनी स्वतःच उचलली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि गेले. बोलल्याप्रमाणे काकूही उठल्या आणि दुकानात जाऊन बसल्या.

आणि त्याच दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, टेम्पो आला.

दोघं होते. एकाच्या डोक्यावर टोपी. टेम्पो सरळ आबांच्या दारात उभा राहिला. मी काकूंच्या दुकानात होते. मला भीती वाटली, ती सामानासाठी नव्हे. सामान काय, परत घेता येतं. पण आज या घराला काही झालं असतं तर आबा त्या पोत्यावरून मरेपर्यंत उठले नसते. काकूंनाही ते माहीत होतं. त्यांनी टेप गळ्यातून काढली, परत घातली आणि पायरी उतरल्या.

"कुणाकडं आलाव?"

"बंडूभाऊकडं. फ्रीज बिघडलाय, दुरुस्तीला न्यायला सांगितलंय त्यांनी."

"बसा की. चहा घेऊन जावा."

"टाइम न्हाई मावशी. किल्ली तुमच्याकडं असती ना?"

"माझ्याकडंच असती. रंग कोणता?"

टोपीवाला हसला. आमची ही पद्धत एव्हाना पंचक्रोशीत माहीत झाली होती, स्टँडवर कुणीही चवीनं सांगायचं. "राणी कलर," तो म्हणाला.

मीरा गावात असली की राणी कलरच नेसायची. माणसं पुरती चौकशी करून आली होती.

"बरोबर," काकू म्हणाल्या. "मीराचा राणीच हाय." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, चहा ठिवा. साखर जादा टाका."

मी आत गेले. चहा कसा केला मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा रस्ता बदलला होता. टेम्पोच्या मागं ताडपत्री अंथरून कुणीतरी ज्वारी वाळत घातली होती. पुढं एक बाज येऊन पडली होती आणि तिच्यावर दोघीजणी शेंगा फोडत होत्या. एक बाई चाकाला पाठ लावून लसूण सोलायला बसली होती. बालाजीनं कमानीत मोटारसायकल आडवी लावली होती आणि ती पुसत होता. त्या दोघांशी कुणी चकार शब्द बोललं नाही. लहान पोरं सुद्धा गप्प होती. काकूंनी कप त्यांच्या हातात दिले.

"घ्या. किल्ली देते."

खुंटीवरची किल्ली आणून काकूंनी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. दुधाळ पांढरी पट्टी. "घर मीराचं न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "घर म्हाताऱ्याचं हाय. बंडूला तर माहीत असंल की."

टोपीवाल्यानं चहाचा एक घोट घेतला होता, तो त्याच्या घशात अडकला असावा. बंडूभाऊला फोन लावतो, इथं रेंज नाही, असं काहीतरी म्हणत तो कप ज्वारीच्या कडेला ठेवून चालायला लागला. दुसरा त्याच्या मागं. बालाजीनं मोटारसायकल हलवली नाही, म्हणून ते कुंपणाच्या तारेखालून शेतात उतरले. तिथून मात्र पळाले. टेम्पो तसाच राहिला. तो पोलिसांनी नेला. तो कुणाचा होता, कुठून उचललेला होता, हे त्यांनी पुढं शोधून काढलं. आमच्या कॉलनीत त्याची चर्चा फार झाली नाही. चर्चा झाली ती पांढऱ्या पट्टीची.

संध्याकाळी आबा उतरले. कपाळाला बुक्का, हातात प्रसादाची पुडी. कमानीपासूनच त्यांची नजर दाराकडे. दार बंद, दारात सकाळचीच रांगोळी, तिच्यावर टेम्पोच्या चाकाचा एक वळ.

"समदं ठीक?" त्यांनी काकूंना विचारलं.

"ठीक. साखर संपली तेवढी."

बाकीचं इतरांनी सांगितलं, सगळ्यांनी एकदम सांगितलं. आबा ऐकून घेत होते. मग त्यांनी बंडीच्या खिशातून आपली किल्ली काढली, तिलाही बांधलेली पटक्याची पट्टी बोटांनी चाचपली आणि कुलूप उघडून आत गेले. जाताना उंबऱ्यावरचं पोतं उचलून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बघितलं, उंबरा मोकळा होता. आबा लिंबाखाली म्हाताऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात बसले होते आणि हरत होते. मी त्या दिवशी शाळेत कोणता धडा शिकवला ते विचारू नका. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मुलांना वाटलं सर्दी झाली. पुढं आबांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, बहिणीकडेही जाऊन राहिले.

काकूंचं नाव झालं. आसपासच्या कॉलन्यांतल्या बायका पद्धत बघायला यायच्या. पोलिसांच्या एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला. मोठ्या साहेबांनी खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले. काकूंनी शालीची कड उलटून बघितली, "पिको सुटायला लागलाय ह्याचा," म्हणाल्या आणि खाली येऊन बसल्या. त्या दिवशी सभागृहात आमच्या कॉलनीच्या बायकांइतक्या ताठ मानेनं कुणी बसलं नव्हतं. मीही त्यात होते आणि अजूनही ती मान खाली येत नाही.

नंतर माझी बदली बीडला झाली. फोनवर बोलणं व्हायचं. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन लातूरहून आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, लेकीनं ठेवून घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काकूंच्या दाराला कुलूप होतं. "बाई, बसून बसून हैराण झाले. माझी कात्री आणून द्या. हितली कात्री कापडाला चावतीय."

रविवारी मी चौसाळ्याला गेले. कमानीतून आत आले आणि क्षणभर वाटलं, काकू परत आल्या की काय. त्यांच्या दारात सडा होता, रांगोळी होती, आणि तारेवर त्यांच्या मालकांची चॉकलेटी पँट ठिबकत होती. नीट बघितल्यावर दिसलं, पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता.

"कुणाकडं आलाव?" लिंबाखालून आवाज आला. आबा. हातात पत्ते.

"आबा, मी. शाळेच्या बाई."

"वळखलं की. आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय. बसा, चहा सांगतो."

"काकूंची कात्री न्यायला आलेय. किल्ली द्या ना."

"देतो की. रंग कोणता?"

मी हसले. आबा हसले नाहीत. त्यांच्याबरोबर डावात बसलेले सगळे म्हातारे पत्ते खाली धरून माझ्याकडे बघायला लागले. पँट समोर ठिबकत होती, मला अंदाज होताच, पण अंदाजावर किल्ली मिळत नाही हे मलाही समजत होतं. मी लातूरला फोन लावला. काकूंनी रंग सांगितला, मी तो सांगितला, आणि आबांनी बंडीच्या खिशातून चॉकलेटी पट्टीची किल्ली काढली. चहा घेतल्याशिवाय मात्र सोडलं नाही.

लातूरला लेकीच्या घरी काकू खिडकीपाशी पलंगावर होत्या, गुडघ्याला पट्टी, गळ्यात लिंग आणि टेप. कात्री हातात दिली तशी त्यांनी हवेतच दोनदा चालवून बघितली. मी सगळं सांगितलं. आबांनी मला ओळखूनही किल्ली दिली नाही, हे त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग आतून लेकीला बोलावलं आणि तिच्यासमोर परत सांगायला लावलं. चेहरा असा फुलला होता, की गुडघा दुखतो का हे विचारायचं मी विसरले.

मला वाटलं, आता घराचं विचारतील, दुकानाचं विचारतील. त्यांनी कात्री मांडीवर ठेवली.

"बाई, खरं सांगा. आबा कुठं बसलेले हुते?"

"लिंबाखाली. पत्ते खेळत होते."

"माझ्या दारात न्हवते ना?"

"नव्हते. तुमच्या दारात कुणीच नव्हतं."

"मग झालं," काकू म्हणाल्या, आणि लेकीला चहा ठेवायला सांगितला.